अवहित्था आणि पोकर

पत्त्यांच्या खेळावरील पुस्तके आपल्याकडे वाङ्मयात जमा धरण्याची रीत नाही. तरीही माइक कॅरो यांचे १९८४ सालचे 'बुक ऑफ टेल्स' मी वाङ्मय म्हणून वाचतो; कारण त्याचा खरा विषय पत्ते नसून माणसाचा मुखवटा हा आहे.

भरताने तेहतीस व्यभिचारी भावांत अवहित्था गणली आहे. लज्जा, भय, कपट यांतून उपजणारे आकारगोपन, ते हेच. बोलणे मध्येच तोडणे, उसने धैर्य दाखवणे हे तिचे अनुभाव. कॅरो नेमके हेच पोकरच्या टेबलापाशी पाहतात. नाटक करणारा खेळाडू भारी पाने आली की खिन्न होऊन सुस्कारा टाकतो आणि पाने फुसकी असली की ताठ बसतो. लपवण्याचा यत्नच त्याला उघडे पाडतो. ही दृष्टी चांगल्या कादंबरीकाराची आहे.

परंतु संगणकावरील पोकरमध्ये चेहराच दिसत नाही. म्हणून तेथे काही लपवायचे उरले नाही, असे मात्र नव्हे. पैज लावण्यास लागलेला वेळ आणि पैजेची रक्कम हे तेथील अनुभाव होत. भारी पानांवर मोठी रक्कम आणि हूल देताना बेताची, अशी एखाद्याची रीत असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या शेकडो डावांचे आकडे मांडून दाखवणारी साधने ती हेरण्यास मदत करतात. येथे सवय हाच चेहरा होतो.

या ठिकाणी कॅरो अपुरे पडतात आणि त्यांच्याआधी चाळीस वर्षे, १९४४ साली, फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी लिहिलेला खेळांच्या सिद्धान्तावरील ग्रंथ उपयोगी पडतो. त्यातील पोकरच्या विवेचनाचे सार असे: मोठी पैज उत्तम पानांवर लावावी आणि अधूनमधून अगदी टाकाऊ पानांवरही, मध्यम पानांवर मात्र नाही. हूल पकडली गेली तरी ती वाया जात नाही. पुढील खऱ्या पैजेविषयी ती संशय पेरून ठेवते. एकाच कृतीत दोन अर्थ नांदवणे, हे त्यांच्या मते खरे गोपन.

या विचाराची परिणती जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे दिसली. लिब्राटस या संगणकीय खेळाडूने चार कसलेल्या व्यावसायिकांना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवले. त्याच्या खेळातील जी छिद्रे ते दिवसा हेरीत, त्यांतील मोठी तो रात्री बुजवीत असे.

आता तेच आदर्श मानून यंत्रासारखे खेळण्याचा उपदेश होतो. जिंकण्यासाठी तो योग्यच आहे. पण यंत्राच्या खेळाला मी अवहित्था म्हणणार नाही. अवहित्थेला लपवण्याजोगा भाव आधी लागतो, आणि लिब्राटसला हरण्याची लाज नव्हती. माणसाला ती असते, म्हणून त्याचा हात थबकतो. पडद्यापुढे पैसे लावणाराने नॉयमन यांचे ऐकावे. तो हात का थबकतो हे ज्याला जाणायचे आहे, त्याने आजही कॅरो वाचावेत.