फाटकाबाहेरची कथा

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेवर आजवर जे लिहिले गेले, त्यात अपमान, विद्रोह आणि माणूसपणाची मागणी यांची चर्चा भरपूर झाली. ती व्हावयासच हवी होती. परंतु ही मुळात नोकरीची कथा आहे, ही साधी गोष्ट आपल्या समीक्षेच्या नजरेतून निसटली असे मला वाटते. नायक उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर येतो. नोकरीला त्याच्या जातीचा मज्जाव नाही. मज्जाव आहे तो खोलीला, पाण्याला, सोबत्यांच्या संगतीला. नोकरी टिकवण्यासाठी जो निवारा लागतो तो जात सांगून मिळत नाही, म्हणून तो जात चोरतो. याच कथेतला काशीनाथ जात लपवीत नाही आणि त्याची किंमत मोजतो. ही दोन माणसे बागुलांनी एकाच कामावर उभी केली, यात कथेचे खरे सामर्थ्य आहे.

कारखान्यात शिरले की जात विरघळते, अशी आपल्याकडच्या डाव्या विचाराची एक जुनी समजूत. मुंबईच्या गिरण्यांनी ती केव्हाच खोटी पाडली होती. चांगल्या मजुरीचे विणखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो उष्टा होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. यंत्र विलायतेहून आले, थुंकीची जात मात्र इथलीच राहिली.

बागुलांनंतरच्या आपल्या कथा-आत्मकथनांत नोकरी बहुधा एका वाक्यात लागते. 'पुढे मी नोकरीला लागलो', आणि पुढच्या परिच्छेदात ब्लॉकची जागा, मागे राहिलेली वस्ती, अपराधाची टोचणी. समीक्षकांनी या पांढरपेशेपणाला पुष्कळ झोडपले. मला त्या झोडपण्यात रस नाही. मॅट्रिक आणि पहिला पगार यांच्यामध्ये जी वर्षे गेली, ती कोठे आहेत, एवढेच मला विचारावयाचे आहे.

आमच्या चेंबुरात ती वर्षे डोळ्यांसमोर उभी असत. रात्री घराबाहेर पडले की माहुलच्या बाजूला रिफायनरीची ज्योत दिसे. एस्सो 1974 साली आणि बर्मा शेल 1976 साली सरकारकडे आली, 1978 साली राष्ट्रीय केमिकल्स उभी राहिली. सरकारी मालकीबरोबर राखीव जागांचा नियमही फाटकापर्यंत आला. आमच्या पिढीने त्या ज्योतीकडे आशेने पाहिले. खिशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड असे. मात्र 1959 च्या कायद्याने मालकावर रिकामी जागा कळवण्याची सक्ती केली होती, त्या नावांतूनच ती भरण्याची नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले. 1983 साली एका खाजगी कारखान्याच्या फाटकाशी मी तीन दिवस उभा होतो. चौथ्या दिवशी आत घेतले ते ठेकेदाराने. त्याने सर्टिफिकेट पाहिले नाही, जातही विचारली नाही. 'राहतोस कुठं?' म्हणाला. मी 'सिद्धार्थ कॉलनी' म्हणालो. त्याने झाडू दाखवला.

बागुलांचा नायक जात चोरू शकला, कारण तो परक्या गावात होता. आमचा पत्ताच बोलतो. बागुलांच्या कथेनंतर जे बदलले ते हे, आणि आपली कथा तेथवर पोहोचलेली नाही.

केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडलोट, सफाई व पहारा या कामांना ठेकेदारी नको, अशी अधिसूचना डिसेंबर 1976 मध्ये निघाली होती. स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली; ठेकेदारी बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असेही ठरवले. मधल्या काळात 1991 चे धोरण आले होते. ठेकेदाराच्या यादीला राखीव जागांचा नियम लागत नाही. तिथे झाडूसाठी मात्र आमची माणसे न मागता राखीव असतात. कायदेपंडितांनी यावर लिहिले आहे. कादंबरीकाराने लिहिलेले माझ्या वाचनात नाही. अरुण काळे यांच्या 'नंतर आलेले लोक' (2006) या संग्रहाने बदललेल्या बाजाराला कवितेत गाठले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कविता एका झेपेत जाते. फाटकाबाहेरचे तीन दिवस गद्यातच मावतात; त्यांत पाणी कोठे प्यायले, चहाचे पैसे कोणी दिले, घरी आईला काय सांगितले, हे सगळे असते.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला आपली कथा वाचावयास दिली. तो आयटीआयचा फिटर, अॅप्रेंटिसशिप संपवून दोन वर्षे हिंडलेला, आता एका मॉलमध्ये पहारेकरी. कथेचा नायकही पहारेकरी, आणि तिसऱ्याच ओळीत नोकरीवर. मी म्हणालो, त्या दोन वर्षांचे लिही.

तो म्हणाला, 'सर, त्यात काय लिहायचं? रोज जायचं आणि परत यायचं.'

वही अजून माझ्याकडेच आहे.