डॉलीबाईंचं माहेर

आपल्याकडे ‘बँजो’ म्हटलं की गणपतीची मिरवणूकच डोळ्यांपुढे येते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य, कानठळ्या बसवणारा कर्णा आणि पुढे नाचणारी अख्खी गल्ली! अमेरिकेतला बँजो वेगळा. डोंगराळ भागातली माणसं तो घराच्या ओसरीत बसून बोटांनी छेडतात. हे मी शेजारच्या काकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मग नाचतात कुठे?’’

डॉली पार्टन या बाईंचंही असंच झालंय. त्यांचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो सोनेरी केसांचा टोप आणि चमचमणारा पोशाख. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणं त्यांनीच लिहिलं आणि 1974 साली गायलंही. पण 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायल्यापासून ते व्हिटनीचंच झालं.

बाई 1946 साली टेनेसीच्या डोंगरात जन्मल्या. बारा भावंडं, घरात गरिबी आणि गाणं दोन्ही भरपूर. पुढे नाव झालं, सिनेमे झाले, 1986 पासून तर ‘डॉलीवुड’ नावाची जत्राच कायमची वसली. पण नव्वदीत रेडिओवाल्यांना तरुण गळे हवे झाले. म्हणजे शाल-श्रीफळ मिळतं. गाणं मात्र लागत नाही.

अशा वेळी, 1999 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाईंनी ‘शुगर हिल’ या छोट्या कंपनीसाठी ‘द ग्रास इज ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका केली. सगळी ब्लूग्रास! बिल मन्रो यांनी चाळीसच्या दशकात घडवलेलं हे संगीत. यात ड्रम नाही. लय सांभाळायची ती मँडोलिनच्या ठोक्यांनी. बाई माहेरी आल्या खऱ्या, पण माहेरपणाला नव्हे. हे माहेर आल्या आल्या पदर खोचायला लावणारं! मँडोलिनवर सॅम बुश, डोब्रोवर जेरी डग्लस, फिडलवर स्टुअर्ट डंकन. कच्चा गळा इथे दुसऱ्या ओळीला उघडा पडेल. बाईंचा पडत नाही.

बिली जोएल या न्यूयॉर्ककराचं गाणंही त्या अशा गातात, की ते डोंगरातच रुजलं असावंसं वाटतं. शीर्षकाचं गाणं त्यांचं स्वतःचं. सोडून गेलेल्या माणसाचं दुःख नाहीच, असं स्वतःला पटवायचं तर मग गवतही निळं म्हणावं लागतं! हे गाताना बाई रडत नाहीत, म्हणून आपल्याला जड जातं. तक्रार एकच. वादक मधूनच एवढे सुसाट सुटतात, की टाळकरी बुवांच्या पुढे धावताहेत असं वाटतं.

2001 मध्ये या मुद्रिकेला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं. जाणकारांनी माना डोलावल्या. बाकीचे मात्र अजून टोपाचीच चौकशी करतात. त्यांनी शेवटचं गाणं ऐकावं. ते बाईंच्या धाकट्या बहिणीने लिहिलंय. साथीला एकही वाद्य नाही, नुसते गळे. डोक्यावर तेव्हाही टोप असेलच म्हणा. गळ्यावर मात्र काही चढवलेलं नाही.