कोकणात ढगाळ, तर विदर्भात उष्णतेची लाट: एका रोजच्या वाक्याचं वाचन

मराठी गद्याचा एक प्रकार असा आहे की तो रोज लिहिला जातो, रोज वाचला जातो, दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि त्यावर कोणी समीक्षा लिहीत नाही. तो म्हणजे हवामानाचा अंदाज. एप्रिल-मे महिन्यांत त्याचा साचा साधारण ठरलेला असतो: कोकणात आकाश अंशतः ढगाळ, हवा उष्ण व दमट, तर विदर्भात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता. मी नागपुरात राहतो आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या कामामुळे कुठलाही मजकूर समोर आला की तीन प्रश्न पडतात: हा कोणासाठी लिहिलाय, यातल्या शब्दांच्या व्याख्या कुठे आहेत आणि वाचणाऱ्याने हे वाचून नेमकं काय करायचं. हेच प्रश्न या वाक्याला विचारून पाहू.

सुरुवात मधल्या त्या ‘तर’पासून. भारतीय हवामान विभागाने देशाचे ३६ हवामान उपविभाग पाडले आहेत. त्यांतले चार आपल्या वाट्याला येतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पहिले तीन मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडे आहेत. विदर्भ मात्र मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसोबत नागपूरच्या केंद्राकडे. म्हणजे खात्याच्या हिशेबात नागपूरचे सोबती जबलपूर आणि रायपूर आहेत, रत्नागिरी नाही. यात प्रादेशिक अन्याय वगैरे काही नाही, हवेला धरूनच आहे. आपल्याकडे समुद्र नाही, खारा वारा नाही. उन्हाळ्यात येतो तो वायव्येकडचा कोरडा, तापलेला वारा. तेव्हा तो ‘तर’ खात्याचा नाहीच. तो राज्यस्तरीय बातमीचा आहे. दोन वेगळ्या कार्यालयांची दोन वेगळी पत्रकं तो एका वाक्यात बसवतो आणि सगळं राज्य एकाच आभाळाखाली असल्याचा भास निर्माण करतो.

या भासाची किंमत २०२५मध्ये दिसली. २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला. याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस १९५६ सालचा, २९ मे. ‘महाराष्ट्रात मान्सून दाखल’ असे मथळे झळकले आणि ते खोटे नव्हते. पण पुढे त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली, आणि विदर्भात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पारा पुन्हा चाळिशीपार गेला. पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागाला सांगावं लागलं. मथळ्यातला ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचून कोणी सरकीची पाकिटं फोडली असतील, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. त्याने जे छापलं होतं तेच वाचलं.

आता शब्दांच्या व्याख्या. ‘तुरळक ठिकाणी’ हे आपण ‘थोडासा’ असं वाचतो. पत्रकात मात्र तो पावसाचा किंवा उष्णतेचा जोर सांगत नाही, जागांचं प्रमाण सांगतो. उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर ती गोष्ट घडणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ म्हणजे ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे ऐकायला विनोदी वाटलं तरी त्यात विसंगती नाही. मोजकी, नेमकी मूल्यं ठरवून घ्यायची आणि त्यांच्याबाहेर जायचं नाही, ही शिस्त माझ्या व्यवसायात फार मानाची आहे, आणि हवामान खात्याचं गद्य या बाबतीत आपल्या बहुतेक वैचारिक लेखनापेक्षा काटेकोर आहे. अडचण पुढे आहे. शब्द वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतो, कोष्टक वाटेत गळून पडतं. मग आपल्या गल्लीत पाऊस आला नाही की ‘अंदाज चुकला’ म्हणून आपण मोकळे. ‘शक्यता’ या शब्दाचीही अशीच टिंगल होते. मला तर तो या गद्यातला सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो.

‘उष्णतेची लाट’ या शब्दाची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याची व्याख्या जागेनुसार बदलते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त. किंवा थेट ४५ गाठलं की लाट, ४७ला तीव्र लाट. किनाऱ्यावर उंबरठा ३७ अंशांचा आहे. हा फरक योग्यच आहे. पण तो वाचकाला ठाऊक नसल्यामुळे आपण आकड्यांची स्पर्धा लावतो. मुंबईकर ३७ला हाशहुश करायला लागला की नागपूरकर हसतो. ‘आमच्याकडे या, ४५ दाखवतो’ हे वाक्य मी ऑफिसच्या कॉलवर दर एप्रिलमध्ये ऐकतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. लोक तासन्‌तास उघड्यावर बसून होते. उन्हाच्या त्रासाने १४ जण दगावले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलं गेलेलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. नागपुरात मधल्या एप्रिलमध्ये ३८ म्हणजे बरा दिवस. तिथे तो जीवघेणा ठरला, कारण शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. ही सगळी भानगड पत्रकात ‘उष्ण व दमट’ या तीन शब्दांत मावते. वाचक त्यांच्यावरून डोळे फिरवतो आणि आकडा शोधतो. ढगाळ म्हटलं की तर त्याला हायसंच वाटतं.

हे शास्त्र नागपूरकराला शिकवायची खरं तर गरज नाही, त्याच्याकडे कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, बाहेर रणरणतं कोरडं ऊन: मे महिन्यात हे यंत्र खोली झकास गार करतं. जूनमध्ये आभाळ भरून येतं, पारा चार-पाच अंशांनी उतरतो, आणि तोच कूलर निरुपयोगी होतो. अंथरूण ओलसर, अंग चिकट, झोप नाही. अंदाज म्हणतो तापमानात घट; घरातले म्हणतात उकाडा वाढला. दोघंही खरं बोलत असतात, पण घरातल्यांची भाषा अधिक नेमकी आहे. ऊन, झळा, काहिली, उष्मा, उकाडा: मराठीत हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. झळा कोरड्या असतात, उकाडा दमट. पत्रकाने यातला एकही घेतला नाही. त्याऐवजी २०२३च्या उन्हाळ्यात खात्याने तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा उष्णता निर्देशांक प्रायोगिक तत्त्वावर द्यायला सुरुवात केली. पाऊल चांगलंच आहे. तरी तो आणखी एक आकडा आहे, आणि आकड्यांचं आपण काय करतो ते ३० मे २०२४ला दिसलं.

त्या दिवशी नागपुरातल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. दिल्लीच्या मुंगेशपूरचा ५२.९ हा आकडा आदल्याच दिवशी गाजला होता. दोन्ही नोंदी सेन्सरच्या दोषामुळे चुकीच्या असल्याचं नंतर खात्याने सांगितलं. सेन्सर बिघडतात, त्यात नवल नाही. पडताळणीआधीचा आकडा आणि पडताळलेला आकडा यांत फरक करायचा असतो, हे माझ्या क्षेत्रात पहिल्या वर्षी शिकवतात. नवल आहे ते आपल्या चवीचं. छप्पन्नचा आकडा मोबाइलवरून मोबाइलवर फिरला, त्यात थोडा अभिमानही होता. खुलासा तितका फिरला नाही. ‘सूर्य ओकतोय आग’, ‘विदर्भ होरपळला’ या छापाची मथळ्यांची भाषा हीच चव तयार करते. तिला फक्त कमाल तापमान दिसतं. किमान तापमानाला ती विचारत नाही, आणि उन्हाळ्यात माणूस सावरतो तो रात्री. दिवसा चाळीसच्या वर आणि रात्री सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल तर खातं त्याला ‘उष्ण रात्र’ म्हणतं. टिनाच्या छताखाली झोपणाऱ्यासाठी ही संज्ञा छप्पन्नपेक्षा महत्त्वाची आहे. मथळ्यात मात्र ती क्वचितच येते.

तिसरा प्रश्न: वाचून काय करायचं? पत्रकातलं तापमान मोजलेलं असतं पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत. म्हणजे अंदाज हा सावलीचा आहे. एसीत बसून कोड लिहिणाऱ्या मला तो पुरतो. डांबर टाकणारा, दुपारी दोनला जेवणाचं पार्सल पोहोचवणारा, वीटभट्टीवरची बाई हे लोक त्या पेटीत राहत नाहीत. व्याकरणातही ते नाहीत. ‘शक्यता आहे’, ‘वाढ होईल’, ‘राहील’: सगळ्या क्रिया हवेच्या, माणसाची एकही नाही.

याच खात्याचं दुसरं एक गद्य वाचलं की हा दोष अटळ नाही हे कळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका बघा. तिथेही आकडे, तुरळक, शक्यता सगळं आहे. पण पुढे क्रियापदं येतात. ओलित संध्याकाळी करा, फवारणी पुढे ढकला, जनावरं दुपारी सावलीत बांधा. लिहिणाऱ्याला समोर शेतकरी दिसतो. वाङ्मय म्हणूनही मला ती पत्रिका वरच्या दर्जाची वाटते. जिल्हा पातळीवर असा सल्ला लिहिणारी केंद्रं २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा आपल्या साहित्यविश्वात त्याची दखल घ्यावी असं कोणाला वाटलं नाही. ते साहित्य नव्हतं ना.

अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्या वाटेने नागपूरही गेलं. आराखड्यात कामाच्या वेळा बदलणं, पाणी, सावली सगळं असतं. ते रोजच्या वाक्यात उतरत नाही. उतरवायला नवं शास्त्र लागणार नाही. विदर्भापुरतं वेगळं वाक्य हवं, ज्यात ‘तर’ नसेल. रात्रीचा आकडा दिवसाच्या शेजारी त्याच टायपात हवा. आणि शेवटी एक आज्ञार्थी क्रियापद हवं, मजुराला उद्देशून नव्हे, तर त्याला दुपारी बारा ते चार कामावर उभं करणाऱ्याला उद्देशून.