‘पिप्पा’ : नांव आणि प्रमाण

नांवावरून वस्तूचें कार्य ठरविण्याची खोड व्याकरणाच्या अभ्यासकांस नवी नाहीं. आम्हीही तिच्या आहारीं अनेकदां गेलों आहों. युद्धेतिहासांत मात्र तिच्यामुळें श्रेय भलत्याच पदरीं पडतें. पूर्व पाकिस्तानांतील गरीबपूरची लढाई (२१ नोव्हेंबर १९७१) हें याचें उदाहरण होय.

तेथील भारतीय रणगाडा सोव्हिएट बनावटीचा पीटी-७६. तो पाण्यावर तरतो, म्हणून पंजाबी जवानांनीं त्यास तुपाच्या रिकाम्या डब्यावरून ‘पिप्पा’ म्हटलें. २०२३ सालच्या चित्रपटानेंही तेंच नांव घेतलें. यावरून गरीबपूरचा जय या तरण्याचाच, असा ग्रह सहज होतो. तो आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम रचना पाहूं. १९५१-५२ च्या सुमारास सिद्ध झालेला हा रणगाडा १४ टनांचा. मागील बाजूनें पाण्याचे दोन झोत सोडून तो तासीं सुमारें १० किलोमीटर जातो. तरंगण्यासाठीं सांगाडा मोठा व पत्रा पातळ ठेवावा लागला. म्हणजे हा गुण चिलखताच्या मोलानें घेतलेला आहे.

आतां प्रसंग. दाट धुक्यांत ४५ कॅव्हलरीच्या १४ रणगाड्यांनीं, १४ पंजाब पलटणीसह, चालून आलेल्या अमेरिकी चॅफी रणगाड्यांस तोंड दिलें. सामना जमिनीवरचा होता. जय मिळाला तो आधीं धरलेल्या जागेमुळें व नेमक्या तोफमाऱ्यामुळें. मेजर दलजितसिंग नारग तेथें पडले. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळालें. त्यांच्यामागें तुकडी सांभाळणारे बलरामसिंग मेहता यांनीं आपल्या ग्रंथास ‘द बर्निंग चॅफीज’ हें नांव दिलें, तें आम्हांस अधिक यथार्थ वाटतें. अर्थात् ग्रंथ २०१६ चा. पंचेचाळीस वर्षांनंतरची स्मृति समकालीन दप्तराशीं ताडूनच घ्यावी.

तरण्याची खरी परीक्षा डिसेंबरांत मेघनेवर झाली. त्या विस्तीर्ण पात्रांत इंजिनें तापलीं व रणगाडे देशी नावांनीं ओढून न्यावे लागले, असें युद्धवृत्तांत सांगतात. ‘उभयचर’ हें विशेषण तेथें नावाड्यांच्या बळावर तरलें.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच : गरीबपूरचें श्रेय डब्यास न देतां आंतील माणसांस द्यावें, आणि मेघनेचें श्रेय देतांना नावाडी विसरूं नयेत. त्यांच्या नांवांची एखादी यादी कोणास गवसली, तर ती सनदेइतक्याच काळजीनें जपावी.