वाशीमचे फोटोग्राफर: धंदा उभा, नजर उसनी

फोटोग्राफीची समीक्षा म्हटली की आपल्याकडे मुंबई-पुण्यातली प्रदर्शनं, वन्यजीवांची पुस्तकं आणि वृत्तछायाचित्रकारांच्या आठवणी यांच्यापलीकडे गाडी जात नाही. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा इथल्या स्टुडिओवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे चेहरे टिपले. पण त्या कामाकडे कला म्हणून ना समीक्षकांनी पाहिलं, ना खुद्द त्यांनी. ‘आमचा काय, धंदा आहे’ हे उत्तर ठरलेलं. वाशीम जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ते अर्धंच खरं आहे. धंदा उभा आहे, भांडवल वाढलं आहे, हत्यारं महानगरातल्यांच्या तोडीची आहेत. नजर मात्र बाहेरून उसनी आणलेली आहे, आणि ही उसनवारी आता धंद्याच्याही मुळावर येते आहे.

आधी स्टुडिओचं पाहू. 1993 मध्ये शेषन यांच्या निवडणूक आयोगाने मतदाराच्या फोटोसह ओळखपत्राचा आदेश काढला. 1 जुलै 1998 रोजी वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली, नवे अर्ज आले आणि प्रत्येक अर्जावर फोटोचा एक चौकोन आला. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला कोट, तयार गाठीची टाय, पावडरचा डबा आणि दात तुटलेला कंगवा एवढ्या सामानावर रोजचा गल्ला चालायचा. मग 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. चेहरा टिपायचं काम सरकारने स्वतःच्या वेबकॅमकडे घेतलं आणि उरलेलं मोबाइलने. आज बहुतेक स्टुडिओ झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि वाढदिवसाच्या बॅनरवर तग धरून आहेत.

यात नुसतं उत्पन्न गेलं नाही. माणसाला स्टुलावर बसवून, एक मुख्य दिवा, एक सावली मारणारा दिवा लावून, ‘हनुवटी थोडी खाली’ म्हणत चेहऱ्यातली ताठरता सैल होण्याची वाट पाहण्याची जी शिस्त होती, ती गेली. नव्या पोरांना कॅमेऱ्याचे सगळे मेनू पाठ आहेत. बसलेल्या माणसाशी दोन मिनिटं बोलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

एक काम मात्र स्टुडिओकडे अजून टिकून आहे. घरातली म्हातारी गेली की चार-पाच दिवसांनी मुलगा येतो. हातात तिचं आधार कार्ड असतं, नाहीतर नातवाच्या लग्नातला ग्रुप फोटो, ज्यात ती तिसऱ्या रांगेत, अर्धी पदराआड. तेरवीला फ्रेम हवी. संगणकावर बसलेला पोरगा चेहरा कापतो, मागे निळं आभाळ टाकतो, दुसऱ्याच कुणाच्या साडीचा खांदा आणून जोडतो. मग सुरकुत्या पुसायला जातो, तेव्हा मुलगा थांबवतो: ‘भाऊ, गोंदण राहू द्या. माय ओळखू नाही येणार.’ अलीकडची एआय ॲपं हेच गोंदण डाग समजून सफाचट करतात. जिल्ह्यात फोटोकडून खरेपणाची मागणी होते ती या एका प्रसंगी. बाकी सगळीकडे मागणी उलटी आहे.

कारण पैसा लग्नात आहे. साक्षगंध, हळद, लग्न, स्वागत समारंभ असं पॅकेज, त्यात ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन आणि शेवटी करिझ्मा अल्बम. या धंद्यात फोटोग्राफर खरं तर तारीख विकतो. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत तिथ्या मोजक्या, त्यातही मोठ्या तिथीला गावोगावी मांडव. शेजारच्या दुकानातली किलोभर साखर आज खपली नाही तर उद्या खपेल. रिकामी गेलेली तिथी परत येत नाही. म्हणून मोठ्या तिथीला तीन-तीन लग्नं घेतली जातात, दोन ठिकाणी रोजावरची पोरं पाठवली जातात आणि बोर्डावरचं नाव पाहून पैसे मोजणाऱ्या नवरीच्या बापाच्या वाट्याला अनोळखी हात येतो. नाव बुडतं ते याच दिवशी.

भांडवलाचा हिशेबही कमी जण मांडतात. चांगली फुलफ्रेम बॉडी आणि दोन बऱ्या लेन्स म्हटल्या की तीन-चार लाखांचा मामला. मुद्रा योजनेमुळे कर्ज मिळतं, पण हप्त्याला तिथी-बितिथी कळत नाही. एका लग्नात तीन-चार हजार फ्रेम पडतात. मेकॅनिकल शटर दोन लाख क्लिक टिकेल असं धरलं तर पन्नास-साठ लग्नांत ते थकतं. ही झीज दरात धरणारे थोडे. ‘समोरच्याने पाच हजार कमी सांगितले’ म्हणून दर पाडणारेच जास्त. वसुलीचं तर शेतीशी नातं आहे. ‘सोयाबीन निघालं की देतो’ हा शब्द प्रामाणिकच असतो, पण 2024-25 च्या हंगामात 4,892 रुपये हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याहून खाली विकलं गेलं. त्या भावाने शेतकऱ्याच्या पाठोपाठ फोटोग्राफरचीही बाकी अडकवली. अल्बम ताब्यात ठेवून बाकी वसूल करण्याची रीत त्यातूनच पडली आणि दोघांचीही मनं त्यातून कडवट होतात. यातून वाचले ते तारखेला बयाणा, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता आणि अल्बम देताना थोडकी बाकी, असं कागदावर लिहून घेणारे.

आता कामाच्या दर्जाबद्दल. विदर्भातलं उन्हाळी लग्न हा प्रकाशाचा मोठा कठीण पेपर आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारा उजेड. नवरदेवाचा चेहरा हळदीआधीच पिवळा. संध्याकाळी एलईडी वॉलचा जांभळा झोत आणि व्हिडिओत धावणारे पट्टे. बौद्ध विवाहात पांढरी साडी आणि सावळा चेहरा एकाच फ्रेममध्ये. कॅमेऱ्यावर सोडलं तर साडी तरी फटफटते नाहीतर चेहरा बुडतो. बंजारा लग्नात जुन्या बायकांच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे समोरून मारलेला फ्लॅश तसाच परत फेकतात. त्यासाठी फ्लॅश छताकडे वळवावा लागतो किंवा बाजूने द्यावा लागतो. हे सगळं सांभाळणारे कारागीर जिल्ह्यात आहेत आणि त्यांचं काम कुठल्याही शहरी स्टुडिओच्या पंक्तीला बसेल.

पण हेच काम अल्बम डिझाइनच्या टेबलावर गेलं की मातीमोल होतं. विकतच्या पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या तयार साच्यात, राजवाड्याच्या कमानी, उडती पाखरं, कुठल्या तरी परदेशी बागेची फुलं. त्यात शेलूबाजारची नवरी बसवली की मागचा मांडव गायब, जेवणाची पंगत गायब, रडणारी आत्या कोपऱ्यात एक इंचाची. आणि सर्वांत मोठा अपराध म्हणजे गोरं करणं. उन्हात राबलेल्या माणसांचे चेहरे सॉफ्टवेअरमधून राखेच्या रंगाचे होऊन बाहेर येतात. वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेच्या गावाची, म्हणजे याच वाशीमची, ही दशा. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं घडवून घेतलं. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर सावळ्या, काळ्या कांतीच्या आकृती किती प्रेमाने रंगवलेल्या आहेत, ते जाऊन पाहावं. गिऱ्हाईकच गोरं मागतं हा बचाव अपुरा आहे. तेच गिऱ्हाईक तेरवीला गोंदण मागतं.

प्रीवेडिंगची गत वेगळी नाही. भाड्याचे सेट, भाड्याचे गाऊन, धुराच्या नळकांड्या आणि मोबाइलवर पाहिलेल्या रीलची नक्कल. सगळ्यांकडे सारखाच माल असला की स्पर्धा फक्त दरावर होते, हा बाजाराचा साधा नियम आहे. वेगळेपण नसलेल्या फोटोग्राफरला पाच हजार कमी सांगणारा समोरचा कायम भेटणार.

कायद्याकडेही काणाडोळा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे नवरीचा फोटो जाहिरातीसाठी सोशल मीडियावर टाकायचा तर तसं आधी लिहून घेतलेलं बरं. ड्रोनचे 2021 चे नियम सांगतात की 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवला तर लागतं. मांडवावर घिरट्या घालणाऱ्या किती ड्रोनवाल्यांनी ते नियम वाचले असतील, हा प्रश्नच आहे.

लहान गावातल्या स्टुडिओच्या कामाला मोल नसतं असं नाही. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या सुहाग स्टुडिओत सुरेश पंजाबी यांनी काढलेल्या फोटोंवर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफर पिन्नी यांनी पुस्तक केलं. 2013 मध्ये ते चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. मालीतल्या बामाको शहरात गल्लीतला स्टुडिओ चालवणाऱ्या मालिक सिदिबे यांना 2007 मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव मिळाला. दोघांनी निगेटिव्ह जपल्या होत्या, आणि दोघांनी आपल्याच गावची माणसं पाहिली होती. अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांकडे तशीच डोळे भरून पाहणारी नजर लावली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेला लोटणारा बंजारा समाज आहे, कारंज्याचं गुरुमंदिर आहे, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर आहे, सोयाबीनच्या हंगामातली बाजार समिती आहे. या सगळ्यांत वावरणारी माणसंच लग्नात समोर येतात. जो फोटोग्राफर त्यांना ओळखतो, त्याच्याकडे साक्षगंधाला आलेलं घर बारशाला येतं, जावळाला येतं आणि शेवटी तेरवीच्या फ्रेमलाही येतं. लहान जिल्ह्यात धंदा टिकतो तो अशा एका घराच्या चार फेऱ्यांवर. म्हणून स्टुडिओवाल्यांनी तीन गोष्टी लगेच कराव्यात: व्यवहार कागदावर आणावा, चेहऱ्यांचा रंग त्यांच्याकडे राहू द्यावा, आणि माळ्यावरच्या निगेटिव्ह व जुन्या हार्ड डिस्क भंगारात जाण्याआधी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या हवाली कराव्यात. गिऱ्हाइकानेही एवढं करावं: अल्बम पाहताना ‘गोरं आलं का’ हे विचारण्याआधी ‘आमचं माणूस आलं का’ हे विचारावं.