‘तर्बियत’ आणि ‘संस्कार’ : ‘तौबतुन्नसूह’ व ‘श्यामची आई’ यांतील संगोपनविचार

मुलाला वळण कसे लावावे, त्याला कर्ता आणि शहाणा कसा करावा, हा उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांतील गद्याचा जुना विषय आहे. उर्दूत डेप्युटी नझीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ (1874) ही कादंबरी आणि मराठीत साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (1935) हे पुस्तक या विषयावरील ठळक कृती मानल्या जातात. दोन्ही कृतींतील उतारे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. परंतु वर्गात त्यांचे वाचन बहुधा एकाच पद्धतीने होते. उतारा वाचावयाचा, त्याचे तात्पर्य लिहून द्यावयाचे आणि पुढच्या धड्याकडे वळावयाचे. तात्पर्यापलीकडे या कृती मुलांच्या जडणघडणीविषयी काय दाखवितात, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्रथम दोन्ही ग्रंथांची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागेल. 1868 साली वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतील उपयुक्त पुस्तकांसाठी बक्षिसे जाहीर केली. नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ (1869) या कादंबरीला त्या योजनेत एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. दिल्ली कॉलेजात शिकलेले, शिक्षण खात्यात आणि नंतर महसूल खात्यात नोकरी केलेले आणि 1877 मध्ये हैदराबाद संस्थानच्या सेवेत गेलेले हे लेखक स्वतः गरिबीतून वर आले होते. शिक्षणाने माणसाचे दिवस पालटतात, हा त्यांचा अनुभव होता. ‘तौबतुन्नसूह’चा आराखडा डॅनियल डीफोच्या ‘द फॅमिली इन्स्ट्रक्टर’ या इंग्रजी ग्रंथावरून घेतलेला आहे; तरी तिच्यातील घर, भाषा आणि माणसे अस्सल दिल्लीची आहेत.

‘श्यामची आई’ ही साने गुरुजींनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. आश्रमातील मित्रांना श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची रचना आहे. लेखक अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे. एक ग्रंथ सरकारी अधिकाऱ्याने लिहिला, दुसरा सरकारच्या कैद्याने. दोघांनाही मात्र घर हीच पहिली शाळा वाटते.

नसूहच्या घरात कोण कशामुळे बदलते?

कादंबरीचा नायक नसूह पटकीच्या साथीत आजारी पडतो. आजारात त्याला स्वप्न पडते, त्यात हश्राच्या दरबारात आपले दिवंगत वडील हिशेब देताना दिसतात. जागा झाल्यावर तो आपल्या आयुष्याचा हिशेब घेतो आणि बायको फहमिदा हिच्या मदतीने घर सुधारण्याचा निश्चय करतो. येथे नझीर अहमद यांचे एक मोठेपण मान्य केले पाहिजे. नसूह मुलांना दोष देण्यापूर्वी स्वतःला दोष देतो. मुले बिघडली ती आपल्या गैरलक्षामुळे, हे तो बायकोपुढे बोलून दाखवितो. घरच्या कर्त्या पुरुषाने अशी कबुली द्यावी, हे त्या काळच्या गद्यात सहसा आढळत नाही.

पुढे घरातली माणसे बदलतात. ती कशी बदलतात हे बारकाईने पाहिले, तर कादंबरीचा एक वेगळाच अर्थ हाती लागतो. धाकटी हमीदा बदलते ती वडिलांना नमाज पढताना पाहून. तिला कोणी तसे करायला सांगितलेले नसते. सलीमला वडील बोलावून घेतात तेव्हा तो आधीच बदललेला असतो. शेजारच्या हजरत बी आणि त्यांची शिस्तीत वाढलेली नातवंडे यांच्या सहवासाने त्याचे वागणे पालटलेले असते. मधला मुलगा अलीम एका पाद्रीने दिलेल्या पुस्तकामुळे विचारात पडलेला असतो. विवाहित मुलगी नईमा आईशी भांडते, आई तिच्या थोबाडीत मारते आणि भांडण अधिकच चिघळते. नईमा मार्गावर येते ती खालाच्या घरी गेल्यावर, तेथील शांत आणि नेमस्त वातावरणात, कोणी आग्रह न धरता.

थोडक्यात, नसूहचे एकही मूल केवळ हुकुमाने सुधारत नाही. कोणी पाहून, कोणी सोबतीने, कोणी वाचून, तर कोणी घर बदलल्याने सुधारते. ज्याच्यावर हुकूम प्रत्यक्ष बजावला जातो तो एकटा थोरला मुलगा कलीम. तो शायर आहे, शौकीन आहे, हट्टी आहे. वडील बोलावतात आणि तो जात नाही. तो घर सोडून गेल्यावर नसूह त्याची पुस्तके जाळतो. पुढे मिर्झा जाहिरदार बेग या बढाईखोर मित्राकडून त्याची फसगत होते, तो कर्जात बुडतो, सैन्यात जातो, जखमी होऊन परततो आणि पश्चात्ताप व्यक्त करून मरतो.

लेखकाच्या दृष्टीने कलीमचा मृत्यू हा अवज्ञेचा परिणाम आहे. परंतु वाचकाच्या मनात कलीमच सर्वांत अधिक राहतो. त्याचे बोलणे चटकदार आहे, त्याच्या फजितीची प्रकरणे उर्दू कथात्म गद्यातील उत्तम विनोदांत मोडतात. पुस्तके जळत असताना वाचकाला हायसे वाटत नाही. हे लेखकाच्या हेतूविरुद्ध घडले आहे असे म्हणता येईल. पण लेखकाने डोळे उघडे ठेवून घर पाहिले म्हणूनच ते घडले, असेही म्हणावे लागेल. वीस-बावीस वर्षे ज्या मुलाकडे लक्ष दिले नाही त्याला एका दिवसात सरळ करता येत नाही, हे सत्य नझीर अहमद यांच्या लेखणीने लपविले नाही.

श्यामच्या आईचे ‘करून घेणे’

‘श्यामची आई’ हे रडविणारे पुस्तक अशी तिची ख्याती आहे. 1953 च्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने ती ख्याती अधिक पक्की केली. या अश्रूंमुळे एक गोष्ट झाकली जाते : हे पुस्तक मुलाला समर्थ करण्याविषयी आहे. पोहण्याचा प्रसंग पाहावा. श्याम विहिरीला भितो, घरात लपून बसतो. आई त्याला बाहेर काढते, मारतेसुद्धा, आणि विहिरीकडे पाठविते. तो पाण्यात पडतो, पोहू लागतो. घरी आल्यावर तीच आई त्याला जवळ घेते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, एवढेच तिला हवे असते. मारण्याचे समर्थन आजचा शिक्षक करणार नाही आणि करूही नये. पण या मारामागे आणि नसूहच्या घरातील थोबाडीत मारण्यामागे फरक आहे. श्यामला आईने एका ठरावीक कामापर्यंत नेले आणि ते झाल्यावर मायेने जवळ केले. नईमाला मारण्यात फक्त संताप होता.

दुसरा प्रसंग ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हा आहे. श्याम वाचनाच्या आणि मोठे होण्याच्या ओढीने पाहुण्याचे पैसे चोरतो. हेतू चांगला म्हणून आई चोरीकडे कानाडोळा करीत नाही. आणि चोरी वाईट म्हणून मुलाची पुस्तकांची ओढही मारून टाकीत नाही. कलीमच्या पुस्तकांची होळी आणि श्यामची पुस्तकासाठीची चोरी हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे दोन पालकांतील अंतर स्पष्ट होते. नसूह मुलाची चूक आणि मुलाची आवड एकाच आगीत टाकतो. श्यामची आई त्या दोन गोष्टी वेगळ्या करते.

‘अळणी भाजी’च्या प्रसंगात तर शिकविणारा कोणी नाहीच. भाजीत मीठ पडलेले नाही, वडील तक्रार न करता जेवतात आणि मुलेही तशीच जेवतात. नमाज पढणाऱ्या वडिलांकडे पाहणारी हमीदा आणि ताटावर गप्प बसलेला श्याम यांची शाळा एकच आहे.

मर्यादा

या ग्रंथाच्या मर्यादाही वर्गात सांगितल्या पाहिजेत. संगोपनाचा सारा भार आईवर आहे. घर कर्जात बुडते ते वडिलांच्या व्यवहारामुळे, पण त्याची झळ आईच्या देहाला लागते. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात आई श्यामला अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठविते. पण घरी आल्यावर अंघोळ करायलाही सांगते. तिची करुणा खरी आहे आणि तिच्या काळाची चौकटही खरी आहे. दोन्ही विद्यार्थ्यांना दिसू द्यावीत. बेळगाव किंवा हैदराबाद येथील मुस्लिम विद्यार्थ्याला परवचा, सोवळे, तुळशीवृंदावन हे शब्द समजावून द्यावे लागतात, तसेच मराठी घरातील विद्यार्थ्याला तौबा, हश्र, खाला हे शब्द. ही अडचण मानण्याचे कारण नाही. शब्द कळले की घर ओळखीचे वाटते.

दोन्ही ग्रंथांत आणखी एक फरक आहे. ‘श्यामची आई’ची कथा मोठा झालेला मुलगा सांगतो, आपण कसे घडलो हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. ‘तौबतुन्नसूह’ची कथा वडिलांच्या बाजूने सांगितली जाते आणि कलीमच्या तोंडी जे शेवटचे बोलणे येते ते मृत्युशय्येवरचे. मूल बोलते की नाही, आणि त्याचे बोलणे कोण ऐकते, ही संगोपनाची मोठी परीक्षा आहे.

समारोप

‘तर्बियत’ या अरबी शब्दात वाढविणे, पोसणे असा अर्थ आहे. ‘संस्कार’ या शब्दात शुद्ध करणे, घडविणे असा. नसूह नाव घेतो तर्बियतीचे आणि करतो शुद्धी. श्यामची आई संस्कार करते असे म्हटले जाते, पण तिचे बहुतेक काम वाढविण्याचे आहे. शब्द भाषेप्रमाणे वाटले गेले असले तरी वृत्ती तशा वाटल्या गेलेल्या नाहीत. खालाच्या घरात, हजरत बींच्या अंगणात तीच वाढविण्याची वृत्ती आहे आणि ती नझीर अहमद यांनीच रंगविली आहे.

आज महाविद्यालयात येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी त्यांच्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. आईवडिलांना मुलाचे यश लवकर हवे असते, कारण त्यांनी त्यासाठी पोटाला चिमटा घेतलेला असतो. असे पालक शिक्षकाकडे येतात ते बहुधा नसूहसारखे, मुलगा हाताबाहेर गेला असे वाटल्यावर. त्या वेळी शिक्षकानेही हुकुमाची बाजू घेतली, तर कलीमला जायला जागा उरत नाही. खालाचे घर होणे शिक्षकाला शक्य आहे. म्हणून या दोन कृती शिकविताना ‘यापासून काय बोध मिळतो’ या प्रश्नाबरोबर ‘हे मूल नेमके कशामुळे बदलले’ आणि ‘कलीमची पुस्तके न जाळता नसूहने काय करावयास हवे होते’ हे प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. त्यांची उत्तरे तयार तात्पर्यात मिळणार नाहीत. त्यासाठी विद्यार्थ्यांना ग्रंथच पुन्हा वाचावा लागेल.