फडणिशी आणि पक्ष : बारभाईंच्या कागदांविषयीं

बारभाईंच्या राजकारणासंबंधानें मराठींत जें लिखाण झालें आहे, त्यांत एक गोष्ट आम्हांस नेहमीं खटकत आली आहे. पुण्याच्या दप्तरांतून निघालेला कागद म्हणजे सरकारी कागद, आणि सरकारी कागद म्हणजे निःपक्षपाती कागद, असें गृहीत धरून लेखक पुढें चालतात. सन १७७३ च्या पूर्वींच्या कागदांस हें बव्हंशीं लागू पडेलही. परंतु ज्या दिवशीं दप्तराचा धनीच एका पक्षाचा नायक झाला, त्या दिवसापासून पुढचे कागद त्याच दृष्टीनें वाचतां येतील काय, हा प्रश्न पुरेशा नेटानें विचारला जात नाहीं.

बाळाजी जनार्दन भानु यांस वडिलांच्या मृत्यूनंतर सन १७५६ मध्यें फडणिशी मिळाली, तेव्हां त्यांचें वय चवदा वर्षांचें होतें. फडणीस हा मूळचा मसलतगार नव्हे. सनदा, आज्ञापत्रें, जमाखर्च, नेमणुका यांची नोंद ज्याच्या फडांतून होते तो फडणीस. हुजूर दप्तराच्या चालत्या दप्तरांत फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा असत, आणि फडांतून न गेलेली सनद ही सनदच नव्हे अशी समजूत असे. कौटिल्यानें अक्षपटलाचा अध्याय लिहितांना क्रम सोडून, उलटसुलट, न कळेल असें किंवा दोनदां नोंदणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. नोंद कोणाच्या लाभाची, हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. नोंद बरोबर कीं चूक एवढेंच पाहावयाचें. नानांच्या हाताखालचे कारकून याच वळणांत तयार झालेले होते, आणि त्यांच्या जमाखर्चाची शिस्त अव्वल इंग्रजींतील अधिकाऱ्यांनींही वाखाणली आहे.

आतां ता. ३० ऑगस्ट १७७३ नंतरची स्थिति पाहावी. शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांनीं पेशवाईचीं वस्त्रें घेतलीं. पुढें ते मोहिमेवर असतां गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नांवें कारभार सुरू झाला, ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले आणि ता. २८ मे रोजीं त्या तान्ह्या मुलास वस्त्रें आलीं. म्हणजे कांहीं महिने पेशव्यांच्या नांवानें दोन ठिकाणांहून हुकूम सुटत होते. दोहोंपैकीं दप्तर कोणापाशीं राहिलें? बारभाईंपाशीं. रघुनाथराव छावणींत, आणि पुढें इंग्रजांच्या आश्रयास. त्यांचा पत्रव्यवहार पुण्याच्या रुमालांत क्वचित् सांपडावयाचा; तो मुंबई सरकारच्या दप्तरांत पाहावा लागतो.

याचा परिणाम शब्दांवरही झाला आहे. पुण्याच्या पत्रांत ‘सरकार’ म्हणजे बारभाई, आणि दादासाहेबांकडे गेलेला मनुष्य ‘फितुरी’. हे दोन्ही शब्द आमच्या इतिहासलेखकांनीं जसेच्या तसे उचलले. मे १७७४ च्या पूर्वीं ‘सरकार’ कोणतें हाच तर वाद होता! एका पक्षाच्या पत्रांतील विशेषण हें निर्णय म्हणून छापणें हें संशोधन नव्हे, त्या पक्षाची वकिली आहे. गंमत अशी कीं, लोकभाषेनें मात्र जिंकलेल्या पक्षाची पर्वा केली नाहीं : ‘बारभाईचा कारभार’ या शब्दांचा अर्थ आजही गोंधळ असाच आहे.

मोरोबादादांचें उदाहरण तर डोळ्यांपुढेंच आहे. तेही त्याच फडणीस घराण्यांतले, नानांचे चुलतभाऊ, आणि आरंभीं बारभाईंतलेच. सन १७७८ मध्यें त्यांनीं रघुनाथरावांची बाजू उचलली, पुण्याचा कारभार कांहीं काळ हातीं घेतला आणि अखेर कैदेंत पडले. मोरोबांस पक्षाभिमानी म्हणावयाचें आणि नानांस निःस्पृह राज्यसेवक म्हणावयाचें, तर त्यास मोरोबांचा पराभव याहून अधिक बळकट पुरावा द्यावा लागेल. नानांच्या बाजूनें असा पुरावा आहे असें आमचें मत आहे. सन १७७५ ते १७८२ पर्यंत इंग्रजांशीं झालेला झगडा हा त्यांतला मुख्य होय. पण तो मांडला पाहिजे, गृहीत धरतां कामा नये.

मुद्राराक्षसांतील पत्राची गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. शकटदासाचें अक्षर खरें, राक्षसाची मुद्रा खरी, आणि पत्र मात्र चाणक्याच्या डावाचें. अक्षर आणि शिक्का पडताळून समाधान मानणाऱ्या संग्राहकानें तें नाटक पुन्हां एकदां वाचावें. नानांचे कागद बनावट आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. फडाची नोंद आणि पक्षाचें पत्र एकाच रुमालांत, एकाच वळणाच्या मोडींत येतें, एवढेंच दाखवावयाचें आहे. नानांचें आत्मचरित्र पानिपताहून परत येण्याच्या सुमारास थांबतें, हेंही येथें लक्षांत घ्यावें. आपल्या दोषांविषयीं इतक्या मोकळेपणानें लिहिणाऱ्या पुरुषानें फडणिसाचा कारभारी कसा झाला हें स्वतः सांगितलें असतें, तर आमचें अर्धें काम झालें असतें.

याच प्रश्नाची दुसरी बाजू रामशास्त्र्यांची. रघुनाथरावांचा दोष त्यांनीं तोंडावर सांगितला व पुणें सोडून ते वाईजवळच्या गांवीं गेले, ही हकीकत ग्रँट डफानें सन १८२६ मध्यें छापली. तिला तेव्हां त्रेपन्न वर्षें लोटलीं होतीं. पुढें बारभाईंच्या अमलांत शास्त्रीबोवा पुन्हां न्यायाधीश झाले. मग मूळचा निर्णय बारभाईंच्या सोयीचा होता म्हणून तो संशयित मानावा काय?

अशीच शंका अलीकडे विलायतेंतही निघाली होती. स्यू ग्रे नांवाच्या वरिष्ठ मुलकी अधिकारी बाईंनीं कोविडच्या निर्बंधकाळांत पंतप्रधानांच्या कचेरींत झालेल्या मेजवान्यांची चौकशी करून ता. २५ मे २०२२ रोजीं अहवाल दिला. मार्च २०२३ मध्यें नोकरीचा राजीनामा देऊन त्या विरोधी पक्षाच्या नेत्याच्या कचेरीच्या प्रमुख होण्यास निघाल्या. सहा महिने थांबावें अशी शिफारस झाली. सप्टेंबरांत त्या रुजू झाल्या. जॉन्सनसाहेबांचे अनुयायी लगेच म्हणूं लागले कीं, अहवालच पक्षाचा होता. आमच्या मतें हा तर्क लंगडा आहे. अहवालांतील प्रसंग, तारखा, छायाचित्रें लेखिकेच्या पुढील नोकरीनें बदलत नाहींत. पोलिसांनीं स्वतंत्रपणें १२६ दंड केले होते. परंतु तिचें वजन वापरून जे निष्कर्ष केवळ विश्वासावर स्वीकारावयाचे, त्यांस मात्र धक्का बसतो. आणि पुढच्या चौकशी अधिकाऱ्यावरचा विश्वास उणा होतो, तें नुकसान निराळेंच.

रामशास्त्र्यांस हीच कसोटी लावावी. त्यांनीं दोष दिला तेव्हां सत्ता रघुनाथरावांची होती आणि शास्त्र्यांस त्यांत लाभ कांहींच नव्हता, उलट पद गेलें. म्हणून तो निर्णय बळकट. पण ‘ध’चा ‘मा’ कोणी केला ही कथा या बळावर उभी राहत नाहीं. तिला कागदच पाहिजे. निर्णय आणि कथा एकत्र बांधून दोहोंस शास्त्र्यांच्या नांवाचा शिक्का मारणें, ही ग्रँट डफापासून चालत आलेली खोड आतां सोडावी.

बाहेरचे साक्षीदार कोठें आहेत, तर वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं छापलेल्या पटवर्धनी पत्रांत आहेत. पटवर्धन बारभाईंच्याच बाजूचे होते हें खरें. पण छावणींतून लिहिणारा कारकून धन्यास बातमी कळवीत होता, पुण्याची बाजू मांडीत नव्हता. खऱ्यांनीं सन १८९२ मध्यें नानांचें चरित्र लिहिलें, त्यापेक्षां ह्या पत्रसंग्रहाचा उपयोग नानांस समजून घेण्यास आम्हांस अधिक होतो.

संग्राहकांस एक विनंति. शके १६९५ व १६९६ मधील कागद हातीं आल्यास थोरांच्या सह्यांचीं पत्रें निवडून जमाखर्चाचे बंद रद्दींत टाकूं नयेत. शिबंदीचा पैसा कोणत्या तारखेपासून कोणाच्या नांवें खर्चीं पडला, हें त्या बंदांवरून कळेल, आणि फड केव्हां पक्षाकडे वळला तेंही तेथेंच दिसण्याचा संभव आहे. छापतांना कागद कोणत्या रुमालांतला, कोणाच्या घरांतला, पाठीवर काय शेरा आहे, हें प्रत्येक वेळीं द्यावें.